सहीच्या आधी मुलाला ‘नाही’ म्हणू द्या

वाचकाचे पत्र

आदरणीय सर, मी पारोळा तालुक्यातील शेतकरी आहे. चार एकर जमीन आहे, त्यातील सव्वा एकराला विहिरीचे पाणी मिळते. दोन वर्षांपूर्वी मुलीचे लग्न केले. ते देणे आणि सोसायटीचे कर्ज मिळून साडेतीन लाख रुपये डोक्यावर आहेत. धाकटा मुलगा बारावीला आहे. या माघात तो साडेसतरा वर्षांचा झाला. दिवाळीपासून शाळेबरोबरच तो सैन्यभरतीच्या अकॅडमीत जातो आणि सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत धावतो. गावातील आठ मुले एकदम अग्निवीराचा, म्हणजे सैन्यातील चार वर्षांच्या सेवेचा, अर्ज भरणार आहेत. अकॅडमीने एक संमतीपत्र पाठवले आहे, त्यावर माझी सही हवी आहे. त्याचे दहावीचे मूळ गुणपत्रकही त्यांच्याकडेच जमा आहे. मुलगा म्हणतो, “बाबा, चार वरीसमा करज फिटी जाई.” त्याची आई काहीच बोलत नाही, तो कागद तिने देव्हाऱ्याखाली सरकवून ठेवला आहे. मुलगा मनाने चांगला आहे, पण रागावला की भरले ताट सारून उठतो. इतक्या मोठ्या गोष्टीला तो तयार आहे की नाही हे बापाने कसे ओळखावे? मी सही करू की नको?

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा देव्हाऱ्याखालच्या त्या कागदापाशी थांबलो. वहिनी काहीच बोलत नाहीत असे तुम्ही लिहिता, परंतु माझ्या मते त्यांनी आपले म्हणणे मांडले आहे. कागद त्यांनी फाडलेला नाही आणि तुमच्या हातातही दिलेला नाही. अजून काही विचारायचे राहिले आहे, एवढेच त्यांना सांगायचे असावे.

आधी त्या कागदाचाच उलगडा करतो, कारण त्यामुळे तुमच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल. अकॅडमीने पाठवलेले संमतीपत्र हे त्या खाजगी वर्गाचे पत्र आहे. त्याचा भारतीय सैन्याशी काहीही संबंध नाही. त्यावर सही केल्याने मुलगा सैन्यात जात नाही आणि न केल्याने त्याची वाट बंद होत नाही. सैन्याला पालकांची सही लागते ती प्रत्यक्ष नावनोंदणीच्या वेळी, आणि तीही उमेदवार तेव्हा अठरा वर्षांखालचा असेल तरच. अर्ज, ऑनलाइन लेखी परीक्षा, त्यानंतर मैदानी चाचणी, कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी आणि मग गुणवत्ता यादी अशा क्रमाने हे सर्व पार पडते आणि त्यात बरेच महिने जातात. तुमचा मुलगा श्रावणात अठरा वर्षांचा होईल. म्हणजे खरी नावनोंदणी येईल तेव्हा बहुधा तो स्वतःच्याच सहीने उभा राहील, आणि बापाच्या सहीचा प्रश्न उरणारच नाही. मला हे अधिक योग्य वाटते. अग्निवीरासाठी वयोमर्यादा योजनेत मुळात साडेसतरा ते एकवीस वर्षांची ठरली, त्यामुळे या वर्षी संधी हुकली तरी पुढे आणखी वर्षे त्याच्या हातात आहेत. “आत्ता नाही तर कधीच नाही” असे त्याला कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

मूळ गुणपत्रक मात्र याच आठवड्यात परत आणा. कोणत्याही वर्गाला ते अडकवून ठेवण्याचे कारण नाही. छायांकित प्रत त्यांना पुरेशी आहे. फी बाकी असेल तर फीचा हिशेब फीच्या पावतीवर व्हावा, मुलाच्या दहावीवर होऊ नये. “वर ओळख आहे, एवढे दिले की मैदान निघेल” असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. भरतीत अशी सोय नसते आणि त्या नादात आपल्या भागातील किती घरांचे सोने गहाण पडले हे तुम्हीही ऐकून असाल.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या खानदेशात सालदार ठेवण्याची रीत तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलणी होतात, धान्य आणि रक्कम ठरते, आणि त्या आखाजीपासून पुढल्या आखाजीपर्यंत माणूस बांधला जातो. मध्येच काम सोडणाऱ्याविषयी गाव काय बोलते आणि त्याची उचल कशी वसूल होते, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. त्यामुळे बांधून घेणे म्हणजे काय हे तुम्हाला शहरातल्या बापापेक्षा लवकर कळेल. सैन्याचा बांध याहून फार मोठा आहे. चार वर्षांची मुदत पूर्ण होण्याआधी अग्निवीराला आपल्या मर्जीने सेवा सोडता येत नाही; अगदी अपवादात्मक कारण असेल आणि सक्षम अधिकाऱ्याने मंजुरी दिली तरच ते शक्य होते. त्या चार वर्षांत लग्न करता येत नाही. वार्षिक रजा तीस दिवसांची असते आणि ती कधी मिळेल हे युनिटच्या गरजेवर ठरते. प्रशिक्षण संपल्यावर कसम परेड होते, आणि तिथे जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत जिथे पाठवले जाईल तिथे, जिवाला धोका असला तरी जाईन, अशी शपथ घ्यावी लागते. आपल्या पोटचा मुलगा हे शब्द उच्चारणार आहे. त्याला त्यांचा अर्थ कळला आहे का, हे पाहणे हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी बावीस वर्षे महाविद्यालयात शिकवले आणि त्यातील बराच काळ राष्ट्रीय छात्र सेनेचे पथक सांभाळले. सुरुवातीच्या वर्षांत माझी समजूत अशी होती की ज्याची छाती फुगते आणि ज्याचे पाय पळतात तो तयार आहे. त्या काळात माझ्याकडे एक मुलगा होता. शेतमजुराचा मुलगा, बोलायला लाजाळू, धावण्यात तालुक्यात पहिला. त्याचा अर्ज मी भरला, फोटो मी काढून आणले, भरतीच्या आदल्या रात्री त्याला गाडीभाडेही मी दिले. तो निवडला गेला तेव्हा मी वर्गात पेढे वाटले. चौथ्या महिन्यात तो घरी परत आला. प्रशिक्षणात त्याला कोणी विशेष छळले नव्हते आणि शरीरही थकले नव्हते. पुढे कित्येक महिने तो माझ्या गल्लीतून जाणे टाळत असे. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो, तेव्हा ओट्यावर बसून, जमिनीकडे पाहत तो म्हणाला, “सर, मला जायचं नव्हतं. तुम्हाला नाही म्हणता आलं नाही.”

भाऊ, ते वाक्य माझ्या मनातून आजपर्यंत गेलेले नाही. त्या मुलाने मला फसवले नव्हते. त्याने दिलेला होकार मुळात माझाच होता. त्यानंतर मी कोणत्याही मुलाला “तुला सैन्यात जायचे आहे का” असे विचारले नाही. नाही म्हणण्याची वाट आधी त्याच्यासाठी मोकळी करायची आणि मगच विचारायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. ज्या मुलाला नकार देण्याची मुभा होती आणि तरीही जो “मी जातो” म्हणाला, असे मुलगे पहाटेच्या थंडीत आणि उस्तादाच्या, म्हणजे प्रशिक्षकाच्या, ओरडण्यातही टिकलेले मी पाहिले आहेत.

तुमच्या मुलाला अशी मुभा आहे का? तुम्हाला वाईट वाटेल, तरी लिहितो: माझ्या मते ती आज नाही. “चार वरीसमा करज फिटी जाई” या वाक्यात प्रेम आहे, समज आहे, आणि साडेसतरा वर्षांच्या खांद्यावर साडेतीन लाखांचे ओझेही आहे. हे वाक्य त्याच्या तोंडी कोणी घातले नसेल, पण घरातल्या उसाशांतून मुले ऐकत असतात. सोसायटीचा सचिव दारावर आला की त्याने तुमचा चेहरा पाहिला आहे. अशा मुलाला सैन्यात जावेसे वाटते की घरातल्या त्या चेहऱ्यापासून सुटावेसे वाटते, हे आज त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

शिवाय त्याचा हिशेबही चुकतो आहे, आणि तो तुम्ही दोघांनी कागदावर मांडावा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा ठरल्याप्रमाणे पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये वेतन असते, आणि ते वाढत चौथ्या वर्षी ४०,००० रुपये होते. मात्र त्यातील ३० टक्के रक्कम दर महिन्याला सेवा निधीत जमा होते. त्यामुळे पहिल्या वर्षी हाती २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० रुपये पडतात, जोखमीचे भत्ते असतील तर ते वेगळे. सरकारही तेवढीच भर निधीत घालते, आणि चार वर्षांच्या शेवटी दोन्ही मिळून सुमारे १०.०४ लाख रुपये व त्यावरील व्याज मिळते. त्यावर आयकर लागत नाही. गावात “दहा लाख” म्हणून जो आकडा बोलला जातो तो हाच, आणि त्यातील निम्मे पैसे त्याच्याच पगारातून कापलेले असतात. हे पैसे शेवटी मिळतात, तर कर्जाचे व्याज आजपासून चालू आहे. अग्निवीराला या चार वर्षांसाठी ग्रॅच्युइटी नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. पुढे त्याची नियमित सेवेत निवड झाली तर निधीतील केवळ त्याचा स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. म्हणजे ज्या दहा लाखांवर तो कर्जफेडीचा बेत आखतो आहे, ते हाती आले तर नोकरी संपलेली असेल, आणि नोकरी टिकली तर ते पूर्ण येणार नाहीत. एवढी गोष्ट त्याला कोणी समजावून सांगितली आहे का?

वहिनींना जे विचारायचे आहे आणि तोंडातून निघत नाही, त्याचाही आकडा आहे. अग्निवीराचा विमा ४८ लाखांचा असतो आणि त्याचा हप्ता त्याच्याकडून घेतला जात नाही; सेवेमुळे मृत्यू झाला तर सरकारचे ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान वेगळे असते. कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणानुसार रक्कम ठरलेली आहे. हे मी लिहितो आहे कारण घरात हा विषय निघतो तेव्हा सगळे “असे अभद्र बोलू नको” म्हणून गप्प करतात. तिरंग्यात लपेटलेले जवान आपल्या जिल्ह्यानेही पाहिले आहेत. मुलाला जायचे असेल तर मृत्यू हा शब्द त्याला घरात, आईसमोर, उच्चारता आला पाहिजे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की कर्जाचे ओझे त्याच्या खांद्यावरून तुम्ही स्वतःच्या तोंडाने उतरवा. कर्ज आज फिटणार नाही हे मला कळते. परंतु “हे कर्ज माझे आहे, मी काढले, मी फेडीन, जमिनीचा तुकडा जायचा असेल तर जाईल, पण तुझी चार वर्षे त्यात जाणार नाहीत,” असे बाप बोलू शकतो. हे बोलताना तुमचा आवाज कापला तरी चालेल. त्यानंतर त्याला लगेच काही विचारू नका. आठ-पंधरा दिवस जाऊ द्या. कर्जाचे कारण काढून घेतल्यावरही तो पहाटे उठतो आहे का, की त्याचा उत्साह मावळला, हे तुम्हाला न विचारताच दिसेल.

दुसरी गोष्ट रात्रीच्या पाण्याची. आपल्याकडे शेतीच्या लाइनीवर आठवड्यात काही दिवस थ्री फेज रात्री असते हे सगळ्यांना माहीत आहे. मक्याला किंवा गव्हाला पाणी द्यायचे, एक वाजता लाइट येणार, थंडी बोचते आहे, बांधावर साप-विंचवाची भीती आहे, आणि मोटर सुरू केल्यावर पाण्याचे बारे बदलण्याखेरीज काही करमणूक नाही. हे काम महिनाभर त्याच्याकडे पूर्ण सोपवा आणि तुम्ही उठवायला जाऊ नका. मैदानावर धावताना टाळ्या असतात, मित्र असतात, सरांच्या हातात स्टॉपवॉच असते. सैनिकाच्या नोकरीचा फार मोठा भाग मात्र असा असतो की रात्रभर जागेवर उभे राहायचे आहे, काही घडत नाही, कोणी पाहत नाही, आणि तरीही झोपायचे नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्री तो आपण होऊन बॅटरी घेऊन निघतो का? एखादे बारे फुटले तर ते सकाळी सांगतो का, की तुमच्या लक्षात येईपर्यंत गप्प राहतो? सोळाशे मीटरची वेळ मला यातले काही सांगू शकत नाही. साडेपाच मिनिटांत धावून, दांड्याला लटकून दहा बीम मारून, नऊ फुटांची खाई ओलांडून घरी परतलेले मुलगे मी पाहिले आहेत. अलीकडे सैन्यानेही जुळवून घेण्याच्या क्षमतेची चाचणी भरतीत घेणे सुरू केले आहे, ते काही उगाच नाही.

तिसरी गोष्ट वहिनींच्या हातची आहे. तुम्ही लिहिता की तो रागावला की ताट सारून उठतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या घरी मी असाच बसलो होतो. त्याने सैन्याच्या सर्व अटी आपल्या आईला समजावून सांगाव्यात, असे मी सुचवले होते. सही कुठे, रजा किती, सुटका नाही, लग्न नाही, सगळे. आई चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होती आणि मुलगा उंबऱ्यात उभा राहून पाठ केल्यासारखे बोलत होता. तिने तव्यावरची भाकरी उलटली, पदराने डोळ्यांतला धूर पुसला आणि अहिराणीत एकच प्रश्न विचारला, “तठे तुले कोणी रागे भरनं तर तू काय करशी?” तो मुलगाही घरात रागाने उठून जाणाराच होता. त्याला उत्तर सुचले नाही. तो बराच वेळ उंबऱ्यावरच बसून राहिला, भाकरी गार झाली. त्या वर्षी त्याने अर्ज भरला नाही. दीड वर्षाने भरला, निवडला गेला आणि टिकला. मी बावीस वर्षांत पथकातील मुलांना शेकडो प्रश्न विचारले असतील, त्यात इतका नेमका प्रश्न मला एकदाही विचारता आला नव्हता. प्रशिक्षण केंद्रात उस्ताद बोलतो, शिक्षा सगळ्या तुकडीला होते, चूक एकाची असते. तिथे ताट सारून उठून जायला जागा नसते. हा राग म्हणजे काही दोष नाही, अडनिड्या वयात तो येतोच. तो गिळून त्याच पंगतीत बसता येणे हे शिकावे लागते, आणि ते घरी शिकणे सोपे असते.

आठ मुलांचा एकदम अर्ज हीही मला थोडी काळजीची बाब वाटते. सोबतीने पळणे चांगले आहे, आपल्या गावांतील किती पोरे त्या सोबतीमुळे व्यसनापासून दूर राहिली. परंतु सैन्यात निवड आठांची मिळून होत नाही. तुम्ही त्याला विचारा की बाकीचे सात निवडले गेले आणि तू राहिलास तर काय करशील, आणि तू एकटाच निवडला गेलास तर जाशील का. दुसऱ्या प्रश्नावर तो अडखळला तर त्याला सैन्यापेक्षा मित्रांबरोबर जायचे आहे असे समजा. असे असण्यात वाईट काही नाही, मात्र ते आत्ताच कळलेले बरे.

शरीराविषयी थोडक्यातच लिहितो, कारण अकॅडमीवाले ते पाहतात. आपल्या भागासाठी उंची १६८ सेंटिमीटर आणि छाती ७७ सेंटिमीटर व फुगवून पाच सेंटिमीटर अधिक, हे त्याला पाठ असेल. परंतु सपाट पाय, गुडघे एकमेकांना लागणे, हाताच्या कोपराचा कोन, डोळे, कानातला मळ अशा गोष्टींवर वैद्यकीय तपासणीत मुले बाद होतात, आणि तोवर वर्ष दोन वर्षे पळण्यात गेलेली असतात. जिल्हा रुग्णालयात एकदा सरळ दाखवून घ्या. मैदानाआधी ताकदीची म्हणून कोणी गोळी किंवा इंजेक्शन देत असेल तर ते त्याने घेऊ नये हे मात्र त्याला निक्षून सांगा. आणि मिरवणुकीतल्या भांडणापासून दूर राहायला सांगा. पोलीस पडताळणी होते, आणि डीजेपुढच्या हाणामारीत लिहिलेले एक नाव सर्व मेहनत वाया घालवते.

बारावीची परीक्षा तोंडावर आहे. ती त्याने मन लावून द्यावी, यात तडजोड नको. जनरल ड्यूटीला, म्हणजे साध्या सैनिकाच्या पदाला, दहावी पुरते म्हणून अभ्यास सोडणारी मुले चार वर्षांनंतरचा विचार करत नाहीत. त्या चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते. गावातले हे आठही जण निवडले गेले असे धरले तरी त्या प्रमाणाने दोघे राहतील आणि सहा जण परत येतील, बावीस वर्षांचे, गाठीला निधी आणि अंगात शिस्त घेऊन. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आणि वयाची सवलत ठेवलेली आहे. पोलीस भरतीही आहे, आणि तिथे लेखी परीक्षेचे गुण मैदानापेक्षा जास्त असतात. या सगळ्या ठिकाणी बारावी झालेल्या मुलाची वाट अधिक सोपी असते. सेवेत असताना मुक्त विद्यालयातून बारावी आणि मुक्त विद्यापीठातून पदवी करण्याची सोय केलेली आहे, तरीही हातातली परीक्षा सोडून तिच्यावर विसंबू नये. परत येणे म्हणजे हरणे असे त्याला वाटत असेल तर तो अजून तयार नाही, कारण शंभरातले पंचाहत्तर परत येणार हे या योजनेतच लिहिलेले आहे.

आता तुम्हा दोघांविषयी, कारण मुलाबरोबर घरही भरती होत असते. पहिले काही महिने फोन मोजकाच होईल. तो फोन आला की बोंडअळी, भाव, सोसायटीची नोटीस हे सगळे त्याच्या कानात ओतायचे नाही. मात्र घरात कोणी आजारी असेल तर ते लपवायचेही नाही, कारण लपवलेले पुढे कळते आणि मग तो प्रत्येक फोनवर संशय घेतो. श्रावणात कानबाईच्या सणाला पुण्या-सुरतेला गेलेले सगळे भाऊबंद घरी येतील, रोटांचे जेवण होईल, आणि तुमचा मुलगा नसेल. त्या दिवशी वहिनींनी काय करायचे याचा विचार आजच करा, हसण्यावारी नेऊ नका. आणि निवड झाली तरी चौकात फलक लावू नका. ज्याच्या नावाचा फलक लागतो त्याला मध्येच परत यावे लागले तर गावात तोंड दाखवता येत नाही, आणि मग तो ओट्यावर बसून जमिनीकडे पाहत राहतो. प्रशिक्षणात पाय मोडतो, वैद्यकीय कारणाने मुले परत येतात. घराचे दार त्या दिवशीही तेवढेच उघडे असेल हे त्याला जाण्याआधी तुमच्या तोंडून ऐकू द्या.

तर माझे उत्तर असे: अकॅडमीच्या कागदावर सही करू नका. मुलाला हवे असेल तर सैन्याचा अर्ज भरू द्या, त्याने तो बांधला जात नाही. बारावी होऊ द्या, श्रावण येऊ द्या. तोवर रात्रीचे पाणी, कर्जाविषयीचे तुमचे बोलणे आणि आईसमोर सर्व अटी मांडणे, एवढे झालेले असेल. त्यानंतर “तू नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही” असे सांगून त्याला विचारा, आणि तो “मी जातो” म्हणाला तर मनात काही न ठेवता त्याला आशीर्वाद द्या. सैन्याला असे मुलगे हवे आहेत आणि तुमचा मुलगा तसा असू शकतो, हे तुमच्या पत्रावरूनच मला वाटते. कर्जाची लाज वाटण्याइतके मन ज्याच्याजवळ आहे तो मुलगा हलका नाही.

देव्हाऱ्याखालचा तो कागद वहिनींनाच काढू द्या. मुलगा त्यांच्यासमोर अटी सांगायला बसेल तेव्हा तुम्ही मध्ये बोलू नका, आणि त्यांनी त्याला काय विचारले तेवढे मला अवश्य कळवा.